लतीफनं बुडवलेली घरं

तळ्यात गाळ साचतो तो कुणाला दिसत नाही, पण उन्हाळ्यात पाणी हटलं की कळतं केवढा साचलाय. आमच्या टोळीतल्या किश्शांचं तसंच झालंय. एक सांगायला बसलं की दुसरा मध्येच तोंड घालतो, आणि चहा गार होतो.

टोळी म्हणजे आम्ही चौघं. लतीफ वेल्डर, त्याचे वडील नबीचाचा, शाळेतून रिटायर झालेले गुरुजी आणि मी. माझं सास्तूरच्या स्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. दर रविवारी गळ घेऊन गावाबाहेरच्या तलावावर जाऊन बसायचं, एवढाच आमचा गुन्हा.

सगळ्याचं मूळ नबीचाचांच्या एका वाक्यात आहे. लतीफनं दोन वर्षांपूर्वी स्लॅबचं घर बांधलं. चाचा त्यात जेवतात, टीव्ही बघतात, पण पाठ टेकायची म्हटली की अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये. त्र्याण्णवच्या भूकंपात त्यांचं दगडमातीचं घर बसलं आणि त्यात त्यांची आई गेली. तेव्हापासून हा माणूस जड छताखाली झोपलेला नाही. कुणी समजवायला गेलं तर म्हणतात, "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय. स्लॅब पडला तर काय येतंय, सांग की."



पण गेल्या थंडीत चाचांच्या छातीत कफ भरला. डॉक्टरांनी लतीफला बाजूला घेऊन सांगितलं, पुढची थंडी यांनी उघड्यावर काढली तर माझ्याकडे आणू नका. लतीफ बापाच्या पाया पडला, रुसला, दोन दिवस जेवला नाही. चाचा ढिम्म. त्याच आठवड्यात गुरुजींनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा देशात लोक फांद्यांचे, पाइपांचे सांगाडे करून तळ्यात बुडवतात आणि मासळी तिथं मुक्कामाला येते. चाचांनी तो बघितला आणि हसून लतीफला म्हणाले, "तू बांधलेल्या घरात मासळी ऱ्हायला आली, तर म्या बी तुझ्या घरात निजतो."

आम्हाला ती गंमत वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर लतीफच्या दुकानात गिऱ्हाइकांचे दरवाजे बाजूला पडलेले आणि हा पठ्ठ्या मासळीसाठी घर जोडतोय!

*

पहिलं घर प्लास्टिकच्या पाइपांचं. काम एकदम पक्कं. इतकं पक्कं की पाइप आतून खराब होऊ नयेत म्हणून लतीफनं प्रत्येकाची दोन्ही तोंडं टोपण लावून बंद केली. आत हवा कोंडली. घर पाण्यात टाकलं, ते खाली जाईना. मग वजन म्हणून गुरुजी वर चढून बसले. वारा सुटला आणि घर गुरुजींसकट तळ्याच्या मध्यावर निघालं. गुरुजींना पोहता येत नाही हे आम्हाला तेव्हा कळलं. लतीफ कपड्यांसकट पाण्यात उडी मारून पोहत सुटला.

काठावरून चाचा म्हणाले, "मासळी न्हाय आली, पण गुरुजी गेले बघ ऱ्हायला."

*

दुसरं घर बाभळीच्या फांद्यांचं. पहिल्याचा धडा घेऊन मी एक चांगला पंधरावीस किलोचा धोंडा उचलला आणि फांद्यांच्या वर ठेवून बांधायला लागलो. चाचा कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशी धावत आले आणि माझ्या हातातून धोंडा हिसकावून घेतला.

"डोक्यावर दगड न्हाय ठिवायचा. खाली बांधा."

सत्तरी पार केलेल्या माणसानं तो स्वतः खाली नेऊन ठेवला. मी गुपचूप धोंडा बुडाला बांधला. घर सरळ खाली गेलं आणि तळाशी उभं राहिलं. गुरुजींनी गुरुत्वमध्य समजावून सांगितला, पण कुणी ऐकलं नाही. मला स्वतःचीच इतकी लाज वाटली की घरी येऊनसुद्धा ती जाईना.

*

घर बुडवलं की ते नेमकं कुठं आहे याची खूण लागते. गुरुजी म्हणाले, दोन ठिकाणं एका रेषेत धरायची, त्यात चूक होत नाही. त्यांनी एका काठावरची चिंच धरली आणि तिच्यामागची कडब्याची गंज. दीड महिना आम्ही त्या रेषेत गळ टाकून बसलो. एक चिलापी मासा लागेल तर शपथ. दर वेळी थोडं डावीकडे सरकल्यासारखं वाटायचं, पण गुरुजींपुढं बोलायचं कुणी?

शेवटी गंजीचा मालक विचारायला आला, "एवढे टक लावून काय बघतासा? एका अंगानं उपसतोय कडबा, जनावरं खायली. तुमाला पायजे का?"

*

तिसऱ्या घराच्या वेळी तर मी हादरलोच. लतीफनं फांद्यांचा भारा पोत्यात घालून दोरीनं आवळला होता, म्हणजे नेताना ओरखडे नकोत. लांबी बरोबर माणसाएवढी. आम्ही तो उचलून पाण्याकडे निघालो आणि कुणीतरी लांबून बघून फोन केला. मोटरसायकलवरून हवालदार उतरले. गुरुजी उगाच हात वर करून उभे राहिले, त्यामुळे संशय आणखी वाढला.

हवालदारांनी काठीनं पोतं ढोसलं. "आत कोण आहे?"

लतीफ अगदी साधेपणानं म्हणाला, "आजून कोण न्हाय सायेब. आठ-पंधरा दिवसांत येतील ऱ्हायला."

*

चौथं घर लोखंडी. वेल्डरच तो, त्याला राहवलं नाही. चार खांब, वर मोकळं, आणि पुढं चक्क दाराची चौकट. बुडवताना वर रिकामी बाटली बांधून सोडली, त्यामुळे खुणेचा प्रश्न मिटला. एप्रिलच्या शेवटी पाणी इतकं हटलं की खांबांची टोकं दिसायला लागली. रविवारी सकाळी लतीफनं चौकटीशेजारी गळ सोडला. दोरी ताणली गेली. हातभर लांब रोहू बाहेर आला.

गुरुजी काठावर नाचले. मीही नाचलो. लतीफ मात्र माशाकडे बघत नव्हता, बापाकडे बघत होता.

चाचा उठले, जवळ आले. "आत व्हता का भाईर?"

एका शब्दाचा प्रश्न होता. खोटं बोलणाऱ्या पोरांना चाळीस वर्षं छड्या मारलेले गुरुजी लतीफला कोपरानं ढोसत पुटपुटले, "आत म्हण." मी त्यांच्याकडे बघतच राहिलो. खरं सांगतो, माझ्याही तोंडात तेच आलं होतं.

लतीफनं खांबांकडे बघितलं, माशाकडे बघितलं. "दारात व्हता, अब्बा."

चाचांनी मान हलवली आणि घराकडे चालायला लागले.

दुपारी लतीफकडे त्याच रोहूचं कालवण झालं. जेवणं उरकली तसे चाचा उठून शेडमध्ये गेले आणि आपली बाज एकट्यानं ओढत आणली. ती त्यांनी स्लॅबच्या घराच्या दारात घातली, निम्मी उंबऱ्याच्या आत, निम्मी बाहेर. मग पाय आत आणि डोकं बाहेर करून झोपले. पाच मिनिटांत घोरायला लागले.

लतीफची बायको हातात ताट घेऊन जागच्या जागी उभी. गुरुजी, मी आणि लतीफ आत. घराला दुसरं दार नाही. गुरुजी चप्पल शोधायला म्हणून उठायला लागले.

लतीफनं त्यांचा हात धरून खाली बसवलं आणि अगदी हळू म्हणाला, "हलू नगा कुणी."