गॅलरीतली दहा मिनिटं

व्यसनमुक्ती केंद्राच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या गृहस्थांना सिस्टरनी एक फॉर्म दिला. सिगारेट सोडल्यावर कसला किती त्रास होईल असं वाटतं, त्याला शून्य ते दहा आकडे द्यायचे होते. माझा भाऊ आत डॉक्टरांकडे होता, म्हणून मी शेजारी डोकावत होतो.

चिडचिडीला त्यांनी नऊ दिले, झोप उडण्याला सात. जेवणानंतरच्या वेळेशी मात्र पेन अडलं.

"सिस्टर, जेवण झालं की मी गॅलरीत जातो. आता तिथं काय म्हणून जाऊ?"

"काका, नुसता आकडा लिहा."

त्यांनी पाच लिहिले. न कळणाऱ्या गोष्टीला आपण सगळेच पाच देतो. त्रासाचा अंदाज बांधता येतो, रिकाम्या वेळेचा येत नाही. निवृत्तीच्या आदल्या दिवशी मला कुणी विचारलं असतं, तर मीही पाचच लिहिले असते.

फॉर्म देऊन ते बाहेर पडले. फाटकाजवळच्या लिंबाखाली थांबले. खिसा चाचपला नाही. एक सिगारेट संपायला लागतो तेवढा वेळ रिकाम्या हातांनी उभे राहिले. मग चपलेनं, खाली नसलेलं थोटूक नीट विझवलं आणि चालू लागले.