उताराचा मनोरा

मीनाक्षीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी घरासमोरचा बर्फ शोव्हल करत होते. झोपेतच हार्ट अटॅक. रडू नंतर आलं, आधी चिडचिड झाली... आणि इतके आठवडे उलटले तरी ती गेलेली नाही.

ताई मूळच्या नागपूरच्या आर्किटेक्ट. मॉन्ट्रियलला येऊन फ्रेंच शिकल्या, जुन्या इमारतींच्या दुरुस्तीत सगळी नोकरी काढली. साठीनंतर संधिवातानं गुडघे गेले आणि जिने सुटले. आमचं मराठी मंडळ जमतं ते एका चर्चच्या बेसमेंटमध्ये, खाली जायला उभा जिना. "दुसरा हॉल बघा रे," ताई दर वर्षी सांगायच्या. "पण ताई, इथे पार्किंग छान आहे. पुढच्या वर्षी नक्की," हे कमिटीचं ठरलेलं उत्तर.

मग एका उन्हाळ्यात त्या एकट्याच स्पेनमधल्या सेव्हिलला जाऊन आल्या, तिथला मनोरा बघायला. मुळात तो मशिदीचा मिनार. राज्य बदललं, मशिदीच्या जागी कॅथीड्रल उभं राहिलं, पण मिनार ठेवला आणि त्याच्याच डोक्यावर घंटाघर चढवलं. आत जिन्याऐवजी वळत वळत वर जाणारा उतार. अजान देणाऱ्याला घोड्यावरून जाता यावं म्हणून, असं म्हणतात. ताई काठी टेकत, थांबत थांबत गेल्या. अगदी शेवटी थोड्या पायऱ्या लागल्या, त्या बसून बसून चढल्या. "अगं, मला कोणाला हाक मारावी लागली नाही!" हे त्यांनी मला किती वेळा सांगितलं असेल...

मंडळानं त्यांचं भाषण ठेवलं ते त्याच बेसमेंटमध्ये. दोघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं. ताईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. स्लाइड्स उतारापर्यंत आल्या आणि एका गृहस्थांनी विचारलं, "म्हणजे तो खरा कोणाचा? मशिदीचा की चर्चचा?" झालं! अख्खा हॉल त्यावर भांडत सुटला. ताई माइक धरून थांबल्या. शेवटी म्हणाल्या, "मला उताराबद्दल बोलायचं होतं." तेवढ्यात चहा आला.

आणि शोकसभाही तिथेच! 'ताईंचा शब्द आमच्यासाठी आदेश होता' हे ऐकून मी उठून वर आले. पार्किंगमध्ये एका गाडीत ताईंच्या मैत्रीण असलेल्या आजी बसून होत्या, वॉकर मागच्या सीटवर, मांडीवर पांढरी फुलं.

"मुलगा म्हणाला, जिना झेपणार नाही. एवढी फुलं वाहायची होती गं."

मी तशीच खाली गेले, भाषण चालू असताना टेबलावरून ताईंचा फोटो उचलला आणि चालू लागले. अध्यक्ष जिन्यापर्यंत मागे आले. "अहो, सभा चालू आहे!"

"वर या मग," मी म्हटलं.

आजींनी गाडीतच फोटोला फुलं वाहिली, पदरानं त्याची काच पुसली. पाच-सहा जण जॅकेट न घालताच वर आले, बर्फात उभे राहिले. बाकीची सभा खाली चालूच राहिली, फोटोशिवाय.

तो फोटो अजून माझ्याकडे आहे. कमिटीनं दोनदा मागितला. जिना नसलेला हॉल घ्या, मी सांगितलंय, स्वतः आणून देईन.