भोंगा वाजला की देवी यायची

बहात्तरच्या दुष्काळात मी आणि माझी थोरली जाऊ तलावाच्या कामावर खडी फोडायला जात होतो. सुरुंग उडवायच्या आधी मुकादम लांब शिट्टी मारायचा, की सगळ्यांनी दगडांच्या ढिगामागं आडवं व्हायचं. एका दुपारी एक सुरुंग उशिरा उडाला. सगळं संपलं असं समजून जाऊ उठून चालायला लागली होती. तिच्या कमरेत दगड बसला. दिवस मावळायच्या आत ती गेली. मला रडू आलं नाही. तिसऱ्या दिवशी मी परत कामावर गेले, कारण हजेरी बुडवून भागणार नव्हतं. लोक म्हणाले, बाई लई धीराची.

कसला डोंबलाचा धीर. आत काही उरलंच नव्हतं. भाकरीला चव नव्हती. पोटचं लेकरू समोर पडलं तरी मी नुसती बघत बसायची. त्या दुपारी तू कुठं होतीस, असं मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी सांगितलं नसतं.

पुढं काही वर्षांनी आमच्या शिवाराजवळ सहकारी साखर कारखाना उभा राहिला. पहिल्या गळिताचा भोंगा वाजला, मुकादमाच्या शिट्टीसारखाच लांब, आणि मी चुलीपुढं थरथर कापायला लागले. दातावर दात आपटत होते. सासूला वाटलं, अंगात आलं. आमच्याकडं बाईचं अंग कापलं की ती देवीच, दुसरं काही असूच शकत नाही. तिनं कपाळभर हळदकुंकू लावलं, गळ्यात कवड्यांची माळ घातली, येरमाळ्याला नेऊन तिथल्या देवीची ओटी भरून आणली. मग भोंग्याची वेळ झाली की बायका दारात येऊन बसायला लागल्या. हरवलेली म्हैस सापडंल का, लेकीला दिवस जातील का. मी तोंडाला येईल ते बोलायची. खरं तर या सगळ्याची चीड यायला पाहिजे होती. तीही येत नव्हती.

लई वर्षांनी उमरग्याच्या एका डॉक्टरनं मला त्याचं नाव सांगितलं: आघातोत्तर ताणविकार. म्हणाला, तुमच्या अंगाला वाटतं, ते अजून घडतंच आहे. बघणाऱ्या प्रत्येकाला असं होत नाही. पण जो अगदी जवळ होता, ज्याला आपलीच चूक वाटते, ज्याला कुणापाशी बोलता आलं नाही, त्याला धोका जास्त. मी मान हलवली. तिन्हीत मी बसत होते. जाऊच्या आईचं मात्र त्यालाही सांगितलं नाही.

बायका दारात बसायच्या त्या दिवसांतच ती आली, मंगळवार होता. एरवी मला 'पोरी' म्हणणारी म्हातारी त्या दिवशी माझ्या पायावर डोकं ठेवून 'आई' म्हणाली. भोंगा नुकताच वाजून गेला होता, मी कापतच होते.

"आई, माझी लेक जाताना काय बोलली? मला हाक मारली का गं तिनं? मला कुणीच सांगंना."

एवढं विचारायला ती चार कोस चालत आली होती.

"व्हय," मी म्हणाले. "तुलाच हाक मारली."

म्हातारी तिथंच बसून पोटभर रडली. मग पदरानं तोंड पुसलं, माझ्या ओटीत नारळ घातला आणि गेली.

जाऊ त्या ढिगापलीकडं पडून मलाच हाका मारत होती. मुकादमानं येऊन माझा दंड धरून उठवीपर्यंत मी जागची हलले नव्हते.