मेलेला वज्रदेह आणि पोलादपूरची पेटी

"हा मागच्या भागात मेला. आता इथे बसून जेवतोय. हा काय प्रकार आहे?"

अण्णासाहेबांनी जाडजूड पुस्तक माझ्या टेबलावर आपटलं. अण्णासाहेब म्हणजे महाडच्या आमच्या वाचनालयाचे अध्यक्ष, पेशाने वकील. मी ग्रंथपाल. साठचं दशक संपत आलं होतं. दर गुरुवारी मी पन्नासेक पुस्तकं पत्र्याच्या पेटीत भरून एस.टी.ने पोलादपूरला न्यायचो आणि तिथल्या देवळाच्या सभामंडपात बसून वाटायचो. ही पेटी बंद करावी असं अण्णासाहेबांच्या मनात होतं. कारण तिकडे सर्वांत जास्त मागणी चित्रकथांना. "वाचनालय संस्कारांसाठी असतं, उडत्या माणसांसाठी नाही," असं ते म्हणत. आक्षेपाला पुरावा हवा म्हणून त्यांनी चित्रकथा घरी नेल्या आणि स्वतःच अडकले.

आता ज्यांना सुपरहिरो म्हणतात तसे दोन वीर तेव्हा गाजत होते. गरुडवीर उडायचा, वज्रदेहाला गोळी लागत नसे. दोघांच्या मालिका वेगळ्या. प्रकाशकाला हुक्की आली आणि त्याने दोघांना एकाच गोष्टीत घातलं. सहा भाग. तीन गरुडवीराच्या मालिकेत, तीन वज्रदेहाच्या. वाचकाने इकडून तिकडे उड्या मारायच्या. पुढचा भाग कुठे वाचायचा ते फक्त मागच्या कव्हरवर छापलेलं.

आणि कव्हरंच नव्हती. पातळ पुस्तकं फाटतात म्हणून आम्ही ती तीन-तीन एकत्र बांधून घेत असू. बाइंडर दासगावचा, हाताने चोख. त्याने रिवाजाप्रमाणे कव्हरं फाडून टाकली, एका वीराची तीन एका गठ्ठ्यात आणि दुसऱ्याची तीन दुसऱ्यात शिवली. त्याला सांगायचं मला सुचलं नाही. चूक माझीच.

"दाखल नोंदवहीत बघा की," अण्णासाहेब म्हणाले.

"सहाही एकाच पार्सलातून आली, साहेब. नोंद एकाच दिवसाची आहे."

"मग तुमचं ते ग्रंथालयशास्त्राचं सर्टिफिकेट काय कामाचं? येत्या गुरुवारी मी स्वतः पोलादपूरला येतो. तिथल्या वाचकांना तरी क्रम माहीत आहे का बघू. नसेल, तर पेटी परत आणायची ती कायमची."

गुरुवारी अण्णासाहेब खरंच एस.टी.त माझ्या शेजारी बसले. सभामंडपात जमलेल्यांना त्यांनी सरळ विचारलं. एकाने सांगितलं, आधी गरुडवीर संपवायचा. दुसरा म्हणाला, छे, वज्रदेह. अण्णासाहेबांच्या चेहऱ्यावर खटला जिंकल्याचं समाधान पसरलं. तिथे दुसरं वाचनालय नव्हतं. पेटी गेली की सगळं गेलं.

खांबाशी धोंडूमामी गोधडीला टाके घालत बसली होती. वरच्या वाडीतली, नवरा मुंबईत गिरणीत. तिला अक्षर ओळखता येत नसे. कुणीतरी मोठ्याने वाचायचं आणि तिने चित्रं बघत ऐकायचं, असा तिचा गुरुवार.

"मास्तर, हिकडं द्या ती दोनी," ती म्हणाली. "साहेब, ह्या उडणाऱ्याच्या पाठीवरला शेला बघा. ह्या पुस्तकात धड हाय. आता त्या दुसऱ्यात बघा, कोपरा फाटलाय. परत ह्यात या, अर्ध्यावर फाटला. मग तिकडं टाके घातलेत. टाके घालणारा आडाणी हाय, पन घातलेत. म्हंजे हे त्याच्या मागनं."

"आणि मेलेला माणूस?"

"मेला कुठं? ह्यो पडला तवा शेला अर्धा फाटलेला. जेवतोय तवा टाके हायत. निपचित पडलावता, उठला. तुमी मधलं वाचलं नाय, ते त्या दुसऱ्या पुस्तकात हाय."

मी कागदाच्या चिठ्ठ्या घालत गेलो. सहाही भाग लागले. अण्णासाहेबांनी तिथेच मांडी घातली आणि या गठ्ठ्यातून त्या गठ्ठ्यात उड्या मारत अख्खी गोष्ट संपवली. बाकीचे वाचक ताटकळले. परतीची एक एस.टी. चुकली.

कार्यकारिणीच्या सभेत पेटी चालू ठेवायचं ठरलं. मला इतकं हायसं वाटलं की इतिवृत्त दोनदा वाचलं. त्यात लिहिलं होतं : 'अध्यक्षांनी प्रत्यक्ष पाहणी करून पुस्तकांचा क्रम निश्चित केला.'

"साहेब, क्रम धोंडूमामीने लावला."

"ती सभासद आहे का?"

"नाही."

"मग इतिवृत्तात नाव कसं येईल?"

मला राग आला. पुढच्याच गुरुवारी मी मामीचा सभासदत्वाचा फॉर्म भरला. "मला रं कशाला?" म्हणत तिने अंगठा दिला. 'शिक्षण' या रकान्यात मी लिहिलं : ग्रंथपालास शिकवण्याइतके.

फॉर्मवर अध्यक्षांची सही लागते. अण्णासाहेबांनी ती न वाचताच ठोकली. त्यांच्या दुसऱ्या हातात गरुडवीराचा नवा अंक होता, आणि या वेळी कव्हर शाबूत होतं.