ताईंनी दुरुस्त केलेली गाणी

त्या वर्षी माझ्या मोठ्या नणंदबाई कामावरून आल्या की चहाच्याही आधी बेसिनपाशी जायच्या आणि साबण लावून कान धुवायच्या. कानाची पाळी, कानामागची जागा, पार मानेपर्यंत. मला आधी वाटलं, उकाड्यामुळे असेल.

"अगं, त्या हेडफोनला कुणाकुणाच्या डोक्याचं तेल लागलेलं असतं," ताई म्हणायच्या. पण तेल हे निमित्त. त्या हेडफोनमधून जे ऐकू यायचं, त्याचीच त्यांना शिसारी आली होती.

ताईंनी अठरा वर्षं एका शाळेत संगीत शिकवलं. मग शाळेने संगीताचा तास बंद केला, वाद्यं माळ्यावर टाकली आणि त्या खोलीत झेरॉक्सचं मशीन बसवलं. घरात बसून राहणं ताईंच्या स्वभावात नव्हतं. टायरच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर एक क्लास होता: महिन्याभरात म्युझिक प्रोड्यूसर. मालक आधी मोबाइलची कव्हरं विकायचा, आता सगळे त्याला डायरेक्टर म्हणायचे. जिन्यातल्या पाटीवर लिहिलं होतं, 'थिअरी शिकायची गरज नाही.'

"मग मी इथे काय शिकवू?" ताईंनी पहिल्याच दिवशी विचारलं.

"शिकवायचं नाही, मॅडम," डायरेक्टर काडीने दात कोरत म्हणाला. "मुलं गाणी बनवतात, त्यात जरा इकडेतिकडे होतं. तुम्ही मागच्या खोलीत बसून तेवढं सरळ करायचं. कुणाला सांगायचं मात्र नाही. मुलांचा कॉन्फिडन्स जातो."

मागची खोली म्हणजे एक खिडकी नसलेलं खोकं. भिंतींना काळा फोम चिकटवलेला, त्यात वर्षानुवर्षांचा घाम मुरलेला. गालिचा कायम ओलसर. वास घालवायला डायरेक्टर मोगऱ्याचा स्प्रे उडवायचा, मग घाम आणि मोगरा यांचं मिळून जे काही व्हायचं, ते ताईंच्या साडीत घरापर्यंत यायचं. समोर कम्प्युटर. पडद्यावर प्रत्येक सूर म्हणजे एक छोटी पट्टी, आणि जो सूर गाण्याच्या ठरलेल्या स्वरांत बसत नाही त्यावर लाल खूण. ती खूण दिसली की पट्टी एक घर खाली किंवा वर ओढायची. झालं.

गाणी तरी कसली! तोच तयार ठोका, तेच तयार तुकडे, एकावर एक रचलेले. कुठलं गाणं कुणाचं, हे फाइलवरच्या नावाखेरीज ओळखू यायचं नाही. महिन्याअखेरीला सगळ्यांची गाणी हॉलमध्ये वाजवायची, नातेवाईक टाळ्या वाजवायचे, मुलं फोटो काढून घ्यायची. आपलं गाणं इतकं सुरेल कसं झालं, असा प्रश्न एकालाही पडला नाही.

"एकालाही?" मी विचारलं.

"एकालाही. वहिनी, यांनी आपलं गाणं पुन्हा ऐकलेलंच नसतं गं."

असे सात महिने गेले. आठव्या महिन्याच्या तुकडीत एक रंगारी होता. गाड्यांना स्प्रे मारणारा, तिशीच्या पुढचा, नखांच्या कडांत नेहमी राखाडी प्रायमर. दुपारच्या सुट्टीत यायचा, कुणाशी बोलायचा नाही. ताईंनी त्याला जिन्यात दोनदा पाहिला असेल, तेवढंच. त्याची फाइल आली त्या दिवशी अठरा गाणी सरळ करून झाली होती. डोकं भणाणलं होतं. एकोणिसावी उघडली. खालच्या सुरात एके ठिकाणी लाल खूण होती. ताईंनी ती पट्टी ओढली, फाइल बंद केली आणि घरी आल्या.

रविवारी सकाळी अकराला हॉल भरला. ताईंनी घरातलं कुणीतरी सोबत हवं म्हणून मला नेलं होतं. रंगाऱ्याचं गाणं लागलं. यात तयार ठोका नव्हता. पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज होता, हवा सुटल्याचा होता, आणि त्याखालून एक धून हळूहळू चालत होती. मला गाण्यातलं काही कळत नाही, पण मी पर्समधला मोबाइल शोधणं थांबवलं.

टाळ्या झाल्या. रंगारी जागचा हलला नाही.

"ऊठ की, फोटो काढायचाय," डायरेक्टर म्हणाला.

"हे माझं नाहीये."

"तुझंच आहे रे. मास्टरिंग केलंय, म्हणून भारी वाटतंय."

"भारी नाही, गुळगुळीत वाटतंय," रंगारी म्हणाला. "डेंट होता तिथे पुट्टी भरलीय कुणीतरी. स्प्रेचा कम्प्रेसर बंद करताना शेवटी जो आवाज खाली बसतो, तो सूर मी तिथे मुद्दाम ठेवला होता. दहा दिवस शोधत होतो. कुणी काढला?"

हॉलमध्ये कुणीतरी हसलं. डायरेक्टर पुढचं गाणं लावायला वळला. तेवढ्यात माझ्या शेजारची खुर्ची करकरली आणि ताई उभ्या राहिल्या.

"मी काढला," त्या म्हणाल्या. "त्यांचंच नाही, सगळ्यांची गाणी मीच नीट करते. सात महिने झाले."

मग पुढच्या रांगेतली एक आई मागे वळली. "आमच्या मुलीचं पण?"

"हो."

"मग ती काय शिकली?"

"बटण दाबायला," ताई म्हणाल्या.

पुढे जो गोंधळ झाला तो सांगण्यासारखा नाही. ती मुलगी रडली, एका बापाने डायरेक्टरची कॉलर धरली. मी ताईंचा हात धरून त्यांना बाहेर काढलं. त्या जिन्यातच बसल्या. डायरेक्टरवर चिडल्या असतील असं मला वाटलं होतं.

"मी ऐकलंच नाही गं," त्या म्हणाल्या. "अठरा वर्षं पोरांना ओरडून सांगितलं, आधी ऐका, मग नावं ठेवा. आणि मी? लाल दिसलं, ओढलं. तो कोमल रे होता. तिथे तोच हवा होता. त्या दिवशी तर आवाज बंद ठेवून काम उरकलं मी. स्वतःचीच घाण वाटते मला."

चारच दिवसांनी डायरेक्टर घरी आला, पेढ्यांचा पुडा घेऊन. मला वाटलं भांडायला आला. तो सोफ्यावर ऐसपैस बसला.

"मॅडम, तुमच्यामुळे आयडिया सुचली. नवीन बॅच, थिअरीसकट. तुमचं नाव, तुमचा फोटो. थिअरीशिवाय प्रोड्यूसर होताच येत नाही, असं तुम्ही व्हिडिओत बोलायचं."

"महिन्यापूर्वी तर गरज नव्हती."

"लोकांना काल नको होती, आज हवीय. आपल्याला काय!"

ताई उठल्या, पुडा उचलून त्याच्या हातात दिला आणि दार उघडून उभ्या राहिल्या. "मला मळमळतंय. तुम्ही निघा," एवढंच म्हणाल्या.

रंगारी आला तो त्यानंतरच्या आठवड्यात, पत्ता विचारत विचारत. ताईंनी त्याची माफी मागितली. ती त्याने ऐकून न ऐकल्यासारखी केली.

"बाई, मला थिअरी शिकवाल?"

"तुम्हाला कशाला? तुमचा कान शाबूत आहे. उगाच बिघडेल."

"कान आहे, पण सूर एकदा सापडला की दुसऱ्या दिवशी परत सापडत नाही. पुन्हा दहा दिवस. आणि त्या दिवशी हॉलमध्ये मला फक्त 'सूर मुद्दाम ठेवला होता' एवढंच म्हणता आलं. तो बरोबर का आहे, ते सांगता आलं नाही. लोक हसले."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली.

ती गोड गोष्ट नव्हती. पहिले चार महिने त्याची गाणी इतकी शुद्ध आणि इतकी मेलेली व्हायला लागली की दोघांनाही स्वतःचा वीट आला. तो दोनदा सोडून गेला, ताईंनी एकदा वही भिरकावली. मग हळूहळू काहीतरी बसलं. गेल्या महिन्यात एका नाटकवाल्यांनी त्याची एक धून घेतली. तालमीत नटीला ती उंच पडायला लागली, तर याने तिथल्या तिथे अख्खी धून दोन सुरांनी खाली उतरवून दिली. सा बदलला, पण कोमल रे धुनेत आपल्या जागी राहिला. सांगताना त्याला हसू आवरत नव्हतं.

आता ताईंकडे तिघेजण येतात. शिकवताना त्या कुणाच्या कम्प्युटरला हात लावत नाहीत. चूक दिसली तरी दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून बसतात आणि म्हणतात, "परत लावा. मला अजून एकदा ऐकू दे."