मावशी गप्प होती तेव्हा

इस्त्रीवाल्या मावशीचं दुकान दोन गल्ल्यांच्या मधल्या लोखंडी फाटकाला टेकून आहे. अलीकडे आम्ही, पलीकडे ते. बोली वेगळी, देव वेगळे, एकमेकांबद्दलचे संशय मात्र अगदी सारखे. जुन्या दंगलीनंतर कित्येक वर्षं त्या फाटकाला साखळी होती. ती निघाली ती कुणा पुढाऱ्यामुळे नाही, लिहून ठेवा. मावशीच्या फोनमुळे निघाली.

मुलगा कामासाठी परगावी गेला आणि जाताना जुना फोन घरी ठेवून गेला. इस्त्री तापेपर्यंतच्या वेळात मावशीनं चुकत, चरफडत, पुन्हा चुकत तो शिकून घेतला. मग दोन्हीकडच्या बायका कपड्यांच्या गठ्ठ्यात फोन खुपसून आणायला लागल्या आणि त्यांच्या येण्याजाण्यात साखळी निघाली ती निघालीच. पलीकडच्या तिला काकी म्हणत.

"काकी, मला लॉटरी लागली म्हणतंय हे."

"तिकीट कधी काढलंस गं, झोपेत?"

पलीकडची बोली मावशीला मोडकीतोडकी येते, शिव्या तेवढ्या अस्सल येतात. बऱ्याच जणांना वाचता येत नाही. म्हणून नळाला पाणी कधी, दवाखान्याची गाडी कुठे, कुठली बातमी खरी, कुठली थाप, हे सगळं ती दोन्ही बोलींत आवाजात सांगून पाठवायची. नियमही तिनंच घालून दिला होता: "लिहिलेलं कुणीही लिहितं. माझा आवाज आला तरच खरं धरा."

तिथंच घात झाला.

त्या दिवशी दुपारी ती दुकानावर आली तर दोन्ही गल्ल्या चिडीचूप. ऊन लख्ख, दोऱ्यांवर कपडे हलतायत आणि माणूस नाही. ती ज्या दाराकडे बघे, त्याची फट मिटे. शेवटी आमच्याकडच्या शिंपिणीनं खिडकीच्या गजांतून फोन बाहेर धरला.

"मी बोलतेय," फोनमधली मावशी म्हणाली. "पलीकडचे आज येणार आहेत. संध्याकाळच्या आत फाटकाला साखळी घाला. नंतर मी येऊन सगळं खोटं आहे म्हणेन. त्यांनी माझ्या मुलाला धरलंय, म्हणून म्हणेन. मला दार उघडू नका."

तीच खरखर. बोलण्याआधी घेतलेला तोच श्वास.

"अगं बये, ही मी नाही! पोरगा सकाळीच फोनवर बोललाय माझ्याशी!"

"असंच म्हणशील असं तूच सांगितलंस ना, मावशी," शिंपीण रडवेली होऊन म्हणाली आणि तिनं खिडकी लावून घेतली.

पलीकडे पाववाल्याच्या फोनवरही मावशीच होती. तिथे ती आमच्याबद्दल तेच सांगत होती. त्यांच्या बोलीत, आणि मावशी जिथे चुकते तिथेच चुकत.

तेवढ्यात दोन्हीकडची तरणी पोरं साखळ्या घेऊन आली. फाटक एकदा बंद झालं की पुन्हा उघडणार कोण?

मावशीनं ओरडायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती जे बोलणार ते त्या दुसरीनं आधीच बोलून ठेवलं होतं. तिनं दुकानातलं स्टूल ओढलं, दोन्ही गल्ल्यांना तोंड दिसेल असं फाटकाच्या मधोमध मांडलं आणि ओठ घट्ट दाबून बसली. खोटं बोलणाऱ्याला दम धरवत नाही, एवढ्यावरच तिची भिस्त होती. पोरं शिव्या घालत होती, पण म्हाताऱ्या बाईला उचलायला कुणाचा हात होईना.

बऱ्याच वेळानं फोन वाजले. आधी एका घरात, मग शेजारी, मग पलीकडे. भिंतींआडून मावशीचा आवाज यायला लागला. "मी बोलतेय. फाटक अजून उघडं का? लावा लवकर." इकडून, तिकडून, एकमेकांच्या मागे रेंगाळत. आणि मधे मावशी, ओठ मिटलेले, नुसते डोळे फिरतायत.

खिडक्या उघडल्या.

"तोंड मिटून एवढं बोलणारी बाई पहिल्यांदा बघतोय," पाववाला म्हणाला. कुणी हसलं नाही. शिंपीण बाहेर आली. तिनं मावशीच्या गळ्यावर हात ठेवला. घरातला फोन बोलतच होता; हाताखालचा गळा शांत होता.

"ही नाही," ती म्हणाली. "ही बोलत नाहीये."

पोरांनी साखळ्या खाली ठेवल्या.

मावशीचे जुने निरोप मशीनला ऐकवून तिचा आवाज कुणी बनवला ते अजून कळलेलं नाही. चौकीत म्हणाले, बघू. बघतायत. मावशीनं त्या दिवसापासून एकही निरोप आवाजात पाठवलेला नाही. सांगायचं असेल ते दारोदार जाऊन सांगते.

परवा पलीकडची एक सून तिच्याकडे आली. "काकी, काल तुमचा निरोप आला. फार गोड बोललात."

मावशीनं इस्त्री उभी केली. "काय म्हणाले मी?"

"काहीच नाही. सासूबाईंची तब्येत विचारलीत. पोरांची शाळा विचारलीत." ती जरा जवळ सरकली. "एरवी नसते आले. पण तुम्हीच होतात का, ते आता विचारलेलं बरं, म्हणून आले."