रुखवतातली नावाडीण

आमच्या घरात कॉलेज पुरं केलेला मी पहिला. हे मी सगळ्यांना सांगतो, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. बीडला खोली करून राहत होतो तेव्हा इंग्रजीतली एक जादूची कादंबरी हाती लागली. उडते घोडे, बोलणारी नदी, सहा जाडजूड भाग. डिक्शनरी मांडीवर घेऊन सगळे वाचले आणि नेकनूरला घरी आणून फळीवर लावले. वडील धरून चालले, ही स्पर्धा परीक्षेची पुस्तकं. मी एकदा समजावून बघितलं.

"घोडे उडतेत? मग विज्ञानाचा पेपर आसंल," म्हणाले.

पुढे मला कारखान्याच्या ऑफिसात नोकरी लागली आणि आम्ही माजलगावकडं मुलगी बघायला गेलो. बी.एस्सी. झालेली. मला फोटोतच पसंत पडली होती. पोहे खाता खाता वडलांनी मोबाईलवर आमच्या फळीचा फोटो काढून फिरवला.

"नोकरी करून पोरगं आजून तयारी करतंय. आख्खं इंग्रजीतून."

मोबाईल तिच्या मामांकडून तिच्याकडं गेला. तिनं दोन बोटांनी फोटो मोठा केला, मग माझ्याकडं बघितलं. ह्या तर कादंबऱ्या, एवढं ती म्हणाली असती तरी बैठक मोडली असती.

"एक विचारू का?" ती म्हणाली.

"इचार की," मामा म्हणाले. "आमची बी शिकल्याली हाय."

"चौथ्या पुस्तकातली म्हातारी नावाडीण पिक्चरमधून कावून गाळली?"

सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. वडलांनी कोपरानं ढोसलं. "सांग की."

"तीन तासांत बसत नव्हती," मी म्हणालो. "अन् मागून तिच्यावर येगळा पिक्चर काढायचा होता."

"तो कसा वाटला?"

इथं चांगला म्हणावं, एवढी अक्कल मला होती. पण सहाही भाग वाचलेल्या माणसाच्या तोंडून ते निघेना. "पांचट. पुस्तकात तिला एकच दात हाय. पिक्चरमधी तरणीताठी, केस मोकळे सोडून होडीत नाचती. होडी हलत सुद्धा न्हाई."

"मला लई आवडला. म्हातारी काय जन्मली तवाच म्हातारी होती का?"

मी पोह्यांची बशी परत उचलली.

मामांनी तिला हळूच विचारलं, "पास हाय का?"

"लेखी चांगली हाय. तोंडीत कमी पडले."

"मग?"

"ढकलू वरच्या वर्गात."

परत येताना जीपमध्ये वडील माझ्याकडं सरकले. मग म्हणाले, "ती नावाडीण कोणत्या पेपरात येती?"

लग्नात मुलीकडच्यांनी रुखवत मांडलं. चिवडा, करंज्या, मावशीनं केलेला साखरेचा बंगला, आणि मधोमध तिची स्वतःची सहा पुस्तकं. त्यांच्यापुढं पुठ्ठ्याची होडी, होडीत केस मोकळे सोडलेली बाहुली. माझ्याकडं तोंड करूनच ठेवली होती.

आता फळीवर बारा पुस्तकं आहेत. पाव्हणे आले की वडील त्यांना तिथं नेऊन उभे करतात.

"सूनबाई बी तयारी करती," म्हणतात. "अन् ही होडी भूगोलाची."